खेकडा कॅटलॉगात नाही

दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस जर्मनीत न्युरेंबर्गला खेळण्यांचं प्रदर्शन भरतं. १९५० पासून ते भरत आलं आहे. रेल्वेची मॉडेल्स बनवणाऱ्या मार्कलिन, रोको, पिको यांसारख्या कंपन्या येत्या वर्षात कुठली इंजिनं, कुठले डबे काढणार, ते त्याच सुमारास जाहीर करतात. इंग्लंडची हॉर्नबीही आपला वर्षाचा बेत बहुधा जानेवारीतच सांगत आली आहे. जपानची काटो मात्र वर्षभर थोडं थोडं जाहीर करत राहते. युरोपात त्या दिवसांत हजारो माणसं याद्या चाळत असतात. कोथरूड, डोंबिवली आणि नाशिकमध्येही काही माणसं त्या याद्यांसाठी जागी असतात, हे मला या लेखाच्या निमित्ताने कळलं.

संपादकांनी यंदाचा विषय दिला होता ‘हौस’. मी राहते जव्हारला. इथे गाडी म्हणजे एसटी. रेल्वे पाहायची तर डोंगर उतरून पालघर-डहाणूकडे जायचं, नाहीतर मोखाडा, त्र्यंबक करत नाशिककडे. रेल्वे नसलेल्या गावात राहून घरातल्या रेल्वेबद्दल लिहायचं, म्हणून आधी ती चालवणाऱ्या माणसांना भेटायचं ठरवलं.

पहिले भेटले ते नाशिकचे एक निवृत्त अभियंते. मी त्यांना काका म्हणू लागले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. जानेवारीत याद्या आल्या की वहीत तीन रकाने पडतात : ‘घ्यायचंच’, ‘जमलं तर’ आणि ‘नुसतं बघायचं’. तिसरा रकाना दर वर्षी पानभर लांबतो. पहिल्यात एखादी ओळ असते, कधी तीही नसते.

“यात आपली गाडी कुठली?” मी विचारलं.

“एकही नाही,” काका म्हणाले. “माझा खेकडा तर कुठल्याच कॅटलॉगात नाही. तो मलाच करावा लागणार.”

कोथरूडच्या रुळांवर

खेकड्याकडे येण्याआधी पुण्याला जायला हवं. महाराष्ट्रात या छंदाचं एक हक्काचं घर आहे आणि ते कोथरूडला आहे. भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी तिथे लघुरेल्वे संग्रहालय सुरू केलं. एका दालनात अख्खं शहर मांडलेलं आहे. वाफेची इंजिनं, वेगवान विजेच्या गाड्या, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचं थिएटर असं सगळं त्यात आहे. सिग्नलच ६५ आहेत. दिवे मंद होतात, शहरात रात्र पडते आणि खिडक्यांत उजेड घेऊन गाड्या धावू लागतात.

मी गेले तेव्हा शाळकरी पोरांची गर्दी होती. पोरं सर्कशीपाशी दाटली होती आणि त्यांच्यासोबत आलेले आजोबा सिग्नलपाशी. आजोबा बरोबर जागी उभे होते, असं आता वाटतं. या छंदाचा प्राण तिथेच आहे. मोठ्या मांडणीतला रूळ दिसायला सलग असला तरी विजेच्या दृष्टीने तो तुकड्यातुकड्यांचा असतो. एका तुकड्यात गाडी शिरली की मागचा सिग्नल लाल होतो आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबावं लागतं. खऱ्या रेल्वेत हाच नियम माणसांचे जीव वाचवतो. पुस्तकातून समजावायला पानं लागतील ती गोष्ट इथे दहा वर्षांच्या मुलीला उभ्या उभ्या कळते.

१९९० च्या दशकात यात एक मोठा बदल झाला. पूर्वी रुळात विजेचा जितका दाब तितका गाडीचा वेग, म्हणजे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम धावणार. मग डिजिटल नियंत्रण आलं. आता रुळात वीज कायम असते. प्रत्येक इंजिनात एक छोटी चिप, डिकोडर, बसवलेली असते आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो. तीन क्रमांकाला ‘थांब’ सांगितलं की तीनच थांबतं. आवाजाचा डिकोडर घेतला तर शिट्टी, ब्रेक, पंख्याची घरघरही ऐकू येते. इंजिनाच्या किमतीत आज या चिपचा वाटा चांगलाच जाणवतो आणि ‘आवाजासह की आवाजाविना’ हा हौशी माणसाच्या हिशेबातला पहिला प्रश्न झालेला आहे.

संग्रहालय उघडलं त्या काळाचीही आठवण ठेवायला हवी. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध उठले १ एप्रिल २००१ रोजी. म्हणजे कोथरूडची दारं उघडली तेव्हा दुकानात जाऊन परदेशी इंजिन विकत घ्यावं, असे दिवसच नव्हते. जे यायचं ते परदेशी जाऊन येणाऱ्यांच्या बॅगेतून. जर्मनीत हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड, आज जगातली सगळ्यात गाजलेली मांडणी, सुरू झालं २००१ मध्ये. कोथरूड त्याच्या तीन वर्षं आधीचं आहे. पुण्याने हे अभिमानाने सांगायला हवं आणि पुरेसं सांगितलेलं नाही, असं माझं मत आहे.

जवळजवळ तीन मिलिमीटर

मग आपल्या गाड्या का मिळत नाहीत? काकांनी याचं उत्तर कागदावर भागाकार करून दिलं.

जगात सगळ्यात जास्त खपणारं माप ‘एचओ’. म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ येतात आणि युरोप-अमेरिकेतल्या खऱ्या रुळांमधलं अंतर तेवढंच, १४३५ मिलिमीटर आहे. त्यांचं गणित चोख जुळतं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. बाजारात मिळणारा रूळ आपल्या गाडीला जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पडतो.

तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं. काकांनी एक डबा समोरून दाखवला. वर ऐसपैस अंग आणि खाली जवळजवळ आलेली चाकं. आयुष्यभर नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्याला ते खुपणारच.

इंग्रज या अडचणीत शंभर वर्षं आहेत. त्यांनी इंजिनं १:७६ मापात केली आणि रूळ मात्र १६.५ चेच ठेवले. बहुतेकांनी ते पत्करलं. काही कट्टर मंडळी १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने घालतात. आपल्याकडेही दोन पंथ आहेत. बहुतेक जण १:८७ चा डबा अरुंद रुळावर चालवतात. डोंबिवलीचा एक तरुण मात्र वेगळ्याच दिशेने गेलाय. त्याने माप उलट्या बाजूने काढलं. १६७६ ला १६.५ ने भागलं की १०१.६ येतात. म्हणजे गाडीच साधारण १:१०० मापात बनवली तर बाजारचा रूळ ब्रॉडगेजला जवळपास अचूक बसतो. जागाही वाचते. अडचण एकच : १:१०० मध्ये तयार काहीही मिळत नाही. माणसं, झाडं, घरं, दिवे, सगळं स्वतः करायचं. “मग करायचं,” असं तो म्हणतो आणि खरंच करतो. त्याच्या फलाटावरचा चहाचा स्टॉल माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे.

जागेचं म्हणाल तर ती किमतीइतकीच कठोर अट आहे. एलएचबीचा डबा साधारण २४ मीटर लांब. ८७ ने भागून २७-२८ सेंटिमीटर. बावीस डबे जोडले तर गाडी सहा मीटर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचा हॉल तेवढा लांब असेलच असं नाही. वळणांचं तर विचारूच नका. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात, म्हणजे मॉडेलात दोन मीटर. कंपन्यांच्या सुरुवातीच्या संचात येणारं वळण असतं ३६-३७ सेंटिमीटरचं. त्यावर लांब डबे आतल्या बाजूला इतके ओढले जातात की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात. म्हणून घरातली डेक्कन क्वीन बहुधा पाच-सहा डब्यांची असते आणि डायनिंग कार त्यात हमखास असते. ती वगळायला कुणी तयार होत नाही.

छोट्या गेजचं मात्र बरं जमतं. एचओ मापात ९ मिलिमीटरचा रूळ ७८३ मिलिमीटरच्या जवळ जातो आणि आपली बार्शी लाइट, विदर्भातली शकुंतला ७६२ वर धावली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू केली. त्याच अनुभवावर इंग्लंडात १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही गाडी उभी राहिली. तिथले हौशी लोक तिची मॉडेल्स आजही करतात. बार्शीची मुळं असलेली गाडी इंग्लंडातल्या टेबलांवर फिरते आणि सोलापूर जिल्ह्यात तिची आठवण फोटोंपुरती उरते, याचं मला वाईट वाटतं.

मॉडेल बाजारात येतं कसं

मार्कलिन ही कंपनी १८५९ ची. गोपिंगन गावात तिने सुरुवात केली ती पत्र्याच्या भातुकलीपासून. भातुकलीत एक चूल घेतली की पुढच्या सणाला ताटं, मग कपाट, मग आणखी भांडी घ्यावीशी वाटतात. १८९१ च्या लाइपझिग जत्रेत कंपनीने हीच कल्पना रुळांवर आणली. ठरावीक मापांचे एकमेकांना जुळणारे रूळ, आधी एक इंजिन, मग डबा, मग सांधा, मग स्टेशन. सव्वाशे वर्षांनंतरही धंद्याचा पाया तोच आहे.

बदललं आहे ते गाडी बाजारात येण्याचं तंत्र. आजचं नवं मॉडेल म्हणजे आधी संगणकावरचं चित्र. जुनी रेखाचित्रं मिळवतात, जतन केलेलं इंजिन असेल तर त्याचं लेझरने मोजमाप घेतात. मग पोलादाचे साचे. पैसा खरा इथे जातो. एका नव्या इंजिनाच्या साच्यांचा खर्च रुपयांत कोटीच्या घरात पोचू शकतो. पहिले करडे, बिनरंगी नमुने येतात, त्यांच्या चुका काढल्या जातात, मग रंगाचे नमुने, मग कारखान्यात पाळी लागण्याची वाट. बरेच कारखाने दक्षिण चीनमध्ये आहेत. घोषणा ते डबा हातात येणं, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

म्हणून कंपन्या आधी मागणी नोंदवून घेतात आणि साधारण तेवढीच मॉडेल्स काढतात. घेणाऱ्याला निर्णय फोटोवरून नव्हे, रेखाचित्रावरून करावा लागतो. थांबलं तर माल संपतो. नोंदवलं तर पुढे किंमत बदलू शकते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांपर्यंत नेला आणि पुढच्याच महिन्यात तो खाली आणला, तेव्हा तिथल्या कंपन्यांना आधीच नोंदवलेल्या गाड्यांचे हिशेब पुन्हा मांडावे लागले. धंदा नाजूक आहे. खुद्द मार्कलिनने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. २०१३ मध्ये सिंबा-डिकी समूहाच्या मालक कुटुंबाने ती घेतली आणि ती सावरली.

आता यात भारतीय इंजिन कुठे बसवायचं? साचा कोटीचा असेल तर काही हजार गिऱ्हाइकं हवीत. आपल्याकडे रेल्वेवेडे लाखोंनी असतील, पण एका इंजिनासाठी वीस-पंचवीस हजार मोजणारे किती? कंपनीला हे ठाऊक नाही आणि विचारायला कुणी आलेलं नाही. दिल्लीच्या सेंटीसारख्या खेळण्यांच्या कंपनीने भारतीय गाड्यांची प्लॅस्टिकची, लहान मुलांना परवडणारी रूपं बाजारात आणली, त्याचं हौशी लोक मनापासून कौतुक करतात. बरेच जण तीच आणून, कापून, रंगवून रुळावर चढवतात. पण खेळणं आणि मापातलं मॉडेल यांच्यातली जागा रिकामीच आहे.

दाम दुप्पट

पुण्याच्या एका बँक अधिकारी बाईंनी मला पैशांचा हिशेब समजावला. या छंदात बायका कमी. त्या मात्र वीस वर्षं गाड्या जमवतात आणि प्रत्येक पावती फाइलला लावतात.

समजा इंग्लंडात २०० पौंडांचं इंजिन आहे. हॉर्नबीचं बिनआवाजाचं बरं इंजिन साधारण त्या घरात येतं. देशाबाहेर पाठवताना तिथला २० टक्के व्हॅट वजा होतो. उरले १६६ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तर एकोणीस हजार. टपालाचे दोन-अडीच हजार धरा. साडेएकवीस हजारांवर ७० टक्के आयात शुल्क म्हणजे पंधरा हजार. मग जीएसटी. दाराशी येईपर्यंत चाळीस हजारांच्या घरात.

हे ७० टक्के असे आले : खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्के होतं. २०२० मध्ये ते ६० झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांचा तो नियम आहे. त्यामागचा हेतू मला पटतो. स्वस्त, विषारी रंगांची खेळणी पोरांच्या तोंडात जाऊ नयेत आणि इथल्या कारागिरांना बाजार मिळावा, याला कोण नाही म्हणेल? पण सीमाशुल्काच्या वर्गवारीत ‘मापातली मॉडेल्स’ खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. डब्यावर ‘चौदा किंवा पंधरा वर्षांवरील’ असं छापलेलं असलं तरी शुल्क तेच. ज्या वस्तूचा भारतीय उत्पादक अस्तित्वात नाही तिच्यावर इथल्या उत्पादकाला वाचवण्यासाठी ७० टक्के लावून नेमकं कोण वाचतं? मॉडेल आणि खेळणं यांची वर्गवारी वेगळी करावी, ही मागणी मला रास्त वाटते.

आणि हेही बघा : हॉर्नबीने २००६ मध्ये एअरफिक्स ही विमानांचे जुळणी संच करणारी कंपनी घेतली आणि त्या एअरफिक्सच्या कित्येक संचांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं. बारीक प्लॅस्टिक ओतण्याचं कसब इथे नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

तर मग घेणारे घेतात कसं? बाईंच्या यादीत तीन वाटा आहेत. पहिली : भाचा किंवा मेहुणा परदेशातून दिवाळीला येतो, प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमाफी असते, तेवढ्यात एक इंजिन बसवायचं. दुसरी : एन मापात जायचं. ९ मिलिमीटरचे रूळ, सगळंच निम्म्याच्या आसपास आणि काटोचं इंजिन जपानात सात-दहा हजार येनला मिळतं. तिसरी वाट बाईंची स्वतःची आणि ती मला सगळ्यात शहाणी वाटली : वर्षाला एकच इंजिन, पण डबे घरी. पाव इंचाच्या फळीचा तळ, स्टायरीनच्या पातळ पट्ट्यांच्या भिंती, खिडक्या कागदावर छापून चिकटवलेल्या. त्यांच्या आयसीएफ डब्यांचा निळा रंग इतका खरा आहे की पेरांबूरच्या कारखान्यातून आलेत असं वाटावं. “तयार विकत घेतलेल्या डब्याचा मला काही आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “या प्रत्येकाची मात्र सुट्टी आठवते, कुठल्या सुट्टीत केला ती.”

वावरची लोकल

पुण्याहून परत आल्यावर वावरला गेले. जव्हार तालुक्यातलं हे गाव. तिथल्या शाळेतल्या एका गुरुजींना मी काय लिहितेय ते माहीत होतं. म्हणाले, “बाई, आमच्याकडे पण एक गाडी आहे, बघून जा.”

सहावीतल्या मुलाने केलेली लोकल होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा, जुन्या चपलेच्या रबराची चाकं. चार डबे. टपावर तांब्याच्या तारेचा पँटोग्राफ, दुमडता येणारा. दिवाळी झाली की इकडची कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. या मुलाचा एक हंगाम रुळालगतच्या भट्टीवर गेला होता. मी त्याला विचारलं, टपावर हे कशाला?

“वरची तार शिवली नाही तर गाडी चालंल कशी?” तो म्हणाला. मग सांगितलं की खरी बारा डब्यांची असते, पुठ्ठा मिळाला की बाकीचे आठ करणार.

पँटोग्राफ कुठल्या डब्यावर असतो, बायकांचा डबा कुठला, दारं किती, हे त्याने महिनोन्महिने बघून ठेवलं होतं. नाशिकचे काका किंवा डोंबिवलीचा तरुण करतात ती पहिली पायरी हीच : बघत राहणं, मोजणं. त्याला कॅटलॉग दाखवायचं ठरवून मी काही गेले नव्हते, पण फोनवर काटोची शिंकान्सेन दाखवली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं बोलणं जिच्यावर सुरू झालं ती ई-५. बुलेट ट्रेन पालघर जिल्ह्यातून जाणार, विरार आणि बोईसरला थांबणार. गंमत अशी की बुलेट ट्रेनचा रूळ १४३५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली जी गाडी अजून धावायची आहे, तिचं बोलणं जिच्यावर सुरू झालं त्या ई-५ चं तयार मॉडेल मिळतं आणि ते बाजारच्या रुळावर तंतोतंत बसतं. शंभर वर्षं घाट चढलेल्या आपल्या इंजिनांना मात्र रूळही नाही आणि साचाही नाही. मुलाने ई-५ चं लांब नाक नीट बघितलं आणि विचारलं, ही वीज घेते ती कुठून? फोटोत पँटोग्राफ खाली दुमडलेला होता.

खेकडा

मार्कलिनचं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल म्हणजे स्विस मगर, ‘क्रोकोडील’. पुढे-मागे लांब सोंडा, मधे केबिन आणि चाकांना जोडणारे दांडे. आल्प्समधल्या गोट्टहार्ड घाटासाठी विंटरथूरच्या कारखान्यात ही इंजिनं १९१९ पासून बनली. १९३० च्या दशकात मार्कलिनने तिचं मॉडेल काढलं आणि आजही नवनव्या रूपांत काढते. एचओमधली मगर घ्यायची तर पाचशे युरोंच्या आसपास मोजावे लागतात.

तिची सख्खी बहीण आपल्या घाटात होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोर आणि थळ घाटांसाठी तशीच सोंडांची इंजिनं मागवली. पहिली दहा त्याच विंटरथूरमध्ये बनली, बाकीची इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीत. १९२८ पासून ती आली, एकूण ४१. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर ती ३७ ला १ चा चढ मालगाड्या घेऊन चढली. उभं असताना कण्हणारं, चालताना दांड्यांचा सूं-सूं आवाज करणारं हे इंजिन कर्जत-कसाऱ्याच्या माणसांना खेकडा म्हणूनच माहीत. शेवटी शेवटी शंटिंग करत ती १९९० च्या दशकापर्यंत टिकली. ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं एक मुंबईत सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत उभं आहे. पुढच्या खेपेला लोकल पकडायची घाई नसेल तर बघून या.

मगरीचं मॉडेल जगभर विकलं जातं आणि खेकड्याचं कुणी काढत नाही. काकांना हे सहन होत नाही. त्यांचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते.

काकांचा खेकडा असा बनतोय. सीएसएमटीतल्या इंजिनाचे शेकडो फोटो, ओळखीच्यांकडून जमवलेली मापं. लांबी सुमारे वीस मीटर, म्हणजे मॉडेलात २३ सेंटिमीटर. हे स्विस मगरीच्या लांबीच्या इतकं जवळ आहे की तिची चॅसी वापरता येईल, असं त्यांच्या लक्षात आलं. फरक असा की स्विस मगरीला दोन्ही टोकांना बिनओढीचा एकेक जादा आस आहे, खेकड्याला तो नाही. दोन्ही बाजूंना तीन तीन ओढणारे आस, बस. म्हणून टोकाचे आस काढून सोंड पुढून पुन्हा बांधावी लागते.

खरेदीतला एक बारकावा इथे महत्त्वाचा. मार्कलिनची गाडी मधल्या तिसऱ्या संपर्कावरून वीज घेते आणि तिची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेली नसतात. दोन रुळांच्या साध्या मांडणीवर ठेवली की थेट शॉर्ट सर्किट. म्हणून घ्यायची ती त्याच घराण्यातली ट्रिक्सची, दोन रुळांसाठीची. काकांनी जर्मनीतून एक जुनी, कवच फुटलेली मिळवली. कवच नकोच होतं, त्यामुळे फुटकी घेणं हाच शहाणपणा होता आणि किंमतही निम्म्याहून खाली आली.

नवं कवच अंबडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या तरुणाकडे रेझिनमध्ये छापलं. पहिलं वाळताना वाकलं, कारण केबिन आणि सोंडा एकसंध छापल्या होत्या. खऱ्या इंजिनात सोंडा चाकांबरोबर वळतात, केबिन स्वतंत्र. आता तीन तुकडे वेगळे छापतात आणि वाकण्याचा प्रश्नही सुटला, वळणावरचाही. दांडे निकेल सिल्व्हरच्या पत्र्यातून आम्लाने कोरून घेतलेले आहेत.

अडलंय ते दांड्यांपाशीच. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशांत असाव्या लागतात. यालाच ही मंडळी क्वार्टरिंग म्हणतात. सहा आसांपैकी एकाचा कोन किंचित चुकला तरी दांडा अडतो आणि इंजिन लंगडतं. काकांनी मला ते चालवून दाखवलं. हात-दीड हात नीट गेलं, मग दर फेऱ्याला एकाच जागी अडखळू लागलं. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “चौथा आस.” बारीक पेन्सिलीने आसावर खूण केली.

मला वाटतं रेल्वेने एक साधी गोष्ट करावी. संग्रहालयांत आणि कारखान्यांच्या कपाटांत पडलेली जुन्या इंजिनांची रेखाचित्रं हौशी लोकांसाठी खुली करावीत. काकांच्या कामाचा निम्मा काळ मापं जमवण्यात गेला. तीच मापं डोंबिवलीत आणखी कुणी, मिरजेत आणखी कुणी पुन्हा शून्यापासून जमवत असणार. एका इंजिनाची नीट रेखाचित्रं मिळाली तर साच्याची गरज लागणार नाही. छपाई आता अंबडमध्येही होते. शंभर जणांची मागणी असलेलं मॉडेल कोटी रुपयांशिवाय निघू शकतं, हे गेल्या काही वर्षांत पहिल्यांदाच शक्य झालंय.

निघताना काकांनी वही दाखवली. येत्या जानेवारीसाठीच्या ‘घ्यायचंच’ रकान्यात यंदा एकही तयार इंजिन नाही. चाकांचे सहा आस, क्रँक पिनांचे दोन संच, क्वार्टरिंग जुळवायचा जिग आणि एक साधा डिकोडर. आवाजाचा डिकोडर ‘जमलं तर’मध्ये ढकललाय, कारण खेकड्याचा आवाज कुठल्याच डिकोडरमध्ये भरलेला नाही. जुन्या मोटरमनकडे, निवृत्त फोरमनकडे एखादी कॅसेट निघते का, याची चौकशी चालू आहे. डोंबिवलीच्या तरुणाला एक कवच हवंय, पण १:१०० मध्ये. पुण्याच्या बाईंनी दोन सांगितलीत. त्यांना काकांचं उत्तर ठरलेलं आहे : आधी चौथा आस सरळ होऊ दे, मग पैसे पाठवा.